गळ्याखाली चार बोटं

राजारामपुरी, नववी गल्ली, रात्रीचे साडेअकरा.
खालचा गाडीवाला तवा खरवडतोय
आणि मी कोष्टकात एक रकाना वाढवते:
किती लागेल.

चारशे बारा गावं, गावागणिक दुधाचा एक कूलर,
कूलरच्या पोटात नऊ सेन्सर.
तापमान, पातळी, कॉम्प्रेसरचा दाब,
झाकण उघडं की मिटलेलं.
दर दहा सेकंदांनी प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं असतं.
दिवसाला तीन कोटी वीस लाख आकडे.
कडगावच्या कूलरला रात्री तीन वाजता
सांगण्यासारखं काही नसतं
तरी तो सांगतोच:
चार अंश. चार अंश. चार अंश.

मुबीन म्हणतो, चार कोर, सोळा जीबी, मोप झालं.
सेकंदाला तीनशे सत्तर आकडे, सरासरी त्यानं काढलीय
आणि ती चुकलेली नाही.

माझे वडील, केरबा, संस्थेचे सेक्रेटरी होते बावीस वर्षं.
सकाळच्या गाडीत किती रिकामे कॅन हवेत
हे ते आदल्या संध्याकाळी ठरवायचे,
पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर.
बेंदराला दूध घरातच मुरतं.
गावची यात्रा असली की संस्थेत थेंब नाही.
दिवाळीनंतर म्हशी व्यालेल्या,
रांग पार तालमीपर्यंत.
एकदा कॅन कमी पडले.
शिवगोंडा ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला
आणि सत्तर लिटर दूध
बायकांनी आल्या वाटेनं परत नेलं, एक शब्द न बोलता.
पंचांगात त्या तारखेला नुसती एक रेघ आहे.

पुढं ते नेहमीच चार कॅन जादा मागवायचे.
चेअरमन विचारायचे, रिकाम्याचं भाडं कोण देणार?
आणि भरलेलेसुद्धा काठोकाठ नसायचे.
मी हट्टानं ओतत राहिले की हात धरायचे:
‘गळ्याखाली चार बोटं सोड गं.
घाटात हिंदकळतंय.’

गेल्या महिन्यात भुदरगडाकडचा टॉवर पडला.
दोनशे कूलर मुके, तीन तास.
मुके, पण रिकामटेकडे नव्हेत.
पेटीतल्या बॅटरीवर मोजत बसले, पोटात साठवत बसले
आणि रेंज आली तसे
सगळे एकदम बोलायला लागले.
साडेएकोणीस लाख आकडे, दार एक.
मेमरी भरली, कलेक्टर बसला.
उठवला, भरला, परत बसला.
त्या गोंधळात गोगव्याच्या कूलरपुढं शून्य आलं.
शून्य अंश म्हणजे दूध गोठलं.
संजीवनी चौगले बॅटरी घेऊन अंधारात संस्थेत गेल्या,
झाकण उघडून बघितलं, मला फोन केला:
‘पातळच हाय की वो मॅडम.’
आकडा आलाच नव्हता.
न आलेल्याच्या जागी शून्य भरायला
सॉफ्टवेअरला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.
कुणीतरी म्हणजे मी.

म्हणून आता लिहिते: आठ कोर, बत्तीस जीबी.
रांगेला वेगळी डिस्क,
सहा तासांचं मुकेपण मावेल एवढी.
परत आलेल्यांनी एकदम घुसायचं नाही,
थोडं थोडं, गावाच्या नंबरानं.
न आलेल्याला न आलेलाच म्हणायचं.
कच्चे आकडे नव्वद दिवस,
मग तासाचा एकच ठेवायचा, बाकीचे पुसायचे.
इथं जरा थांबते.
कडगावचे ते सगळे चार अंश
कुणाच्या काय कामाचे, मला माहीत आहे.
तरी नव्वदचे शंभर करते.

उद्या दहाला मीटिंग.
हिशेबवाले विचारतील,
वर्षभर निम्मं रिकामंच दिसतंय की ओ हे?
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते:
गळ्याखाली चार बोटं.
वाचून बघते. खोडते.
लिहिते: हेडरूम, चाळीस टक्के.